वाढलेलं अ‍ॅव्हरेज

तेलगावच्या नाक्यावर ट्रकच्या इंजिनाची कामं करणारा एक मिस्त्री होता. नाव मी कधी विचारलं नाही. इंजिन चालू करायचा, लांब पान्याचं एक टोक त्यावर टेकवायचा, दुसरं कानाला लावायचा अन् डोळे मिटून घ्यायचा.

दुष्काळात सहकारी कारखान्याचा ऊस मी चारा छावणीला वाहत होतो. गाडी चढाला दमायची. मी म्हणालो, "ताकदबी वाढीव अन् अ‍ॅव्हरेजबी."

"काका, ताकद पायजे तर डिझेल जास्त पाजावं लागंल. दोन्ही एकदम देतो म्हननारा लबाड हाय."

"लई शानपना नको. जमंल ते कर," म्हणून मी चहाला गेलो.

त्यानंतर थोड्याच दिवसांत माझी बायको वारली. पुढं डिझेल कमी लागू लागलं. एकदा नाक्यावर मुद्दाम थांबलो.

"अ‍ॅव्हरेज वाढलं की बे! काय केलतं?"

"नुसता फिल्टर साफ केलता. तेवढ्यानं इतका फरक पडत न्हाई." त्यानं पाना इंजिनाला लावून ऐकलं. "इंजिन हाय तसंच हाय, काका. तुमीच हळू चालवायलाव. पयले धुरळा उडवीत जायचात. आता घरी जायची घाई न्हाई का?"

भाकरी गार व्हायच्या आत पोचावं म्हणून मी गाडी दामटायचो. त्याला ते काय ठाऊक?

त्या दिवशी काळा धूर काढत, पूर्वीसारखाच सुसाट घरी आलो. दाराला कुलूप होतं. किल्ली माझ्याच खिशात होती.