ओवीची चाल

मुळशी धरणाविरुद्धच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेल्या एका बाईवर मी आधी लेख लिहिला, मग नाटक. दोन्हींत ती नुसती भाषणं देत राहिली.

परवा धरणाच्या काठी कणसं भाजणाऱ्या म्हातारीपाशी त्या बाईचा विषय काढला. निखाऱ्यांवर वारा घालणारा तिचा हात थांबला.

"माजी आय जात्यावर तिची ओवी म्हनायची," ती म्हणाली आणि डोळे मिटून गुणगुणू लागली. चाल गोड होती, पण शब्द एकही नव्हता.

"शब्द आठवतात का, आजी?"

"आय गेली, तिच्यासंगं शब्दबी गेलं. ती हुती तवा कुनी इचारलं न्हाई."

तिनं पुन्हा चाल धरली. ओठ काहीतरी शोधत राहिले. मग चाल सोडून करपत आलेलं कणीस तिनं उलटं केलं.