झुंबर बोराट्यांची सहा आणे नाव

झुंबर बोराटे आठवड्यातला एक दिवस काहीही करत नसत. आणि हे काहीही न करणं ते ज्या निष्ठेने पार पाडत, त्या निष्ठेने आमच्या गावात कुणी सोमवारचा उपासही धरला नसेल.

बाकीच्या दिवसांचं विचारू नका. वांगी, गवार, दोडका आणि कांद्याचं रोप, एवढ्या पसाऱ्यात हा माणूस दिवसभर वाकलेला असे. बुधवारी गाडी भरायची, गुरुवारी बारामतीच्या बाजारात माल ओतायचा, शुक्रवारी सकाळी गावात येऊन बैल सोडायचे आणि तोंड न धुता थेट तळ्यावर जायचं. तिथे एक हिरवी नाव बाभळीला बांधलेली असे. झुंबरतात्या ती सोडत, आत बसत आणि दिवस कलेपर्यंत बसून राहत.

"नावेतनं जातात कुठं?" असं बाहेरगावचा पाहुणा हमखास विचारी.

"कुठं न्हाई," गावकरी सांगत. "जात्यात आन येत्यात."

आमचं गाव कळंबच्या अलीकडे, इंदापूर तालुक्यात. नीरेच्या कालव्याला आम्ही पाट म्हणतो आणि पाटाचं पाणी साठवायला गावाजवळ एक तळं आहे. पाटाच्या खात्यातला एक गोरा साहेब मडमेला घेऊन संध्याकाळी या तळ्यात फिरे. त्यासाठी त्याने ही नाव आणली होती. दोन वल्ही, बसायला निळी गादी, पाच माणसं मावतील एवढी जागा. १९३२ साली साहेबाची बदली झाली आणि नाव तळ्याच्या बांधावर लिलावाला निघाली.

लिलावाला सगळं गाव जमलं, पण बोली बोलायला दोघेच. एक झुंबरतात्या आणि दुसरे कुंडलिकराव घोलप. कुंडलिकराव म्हणजे उसाचे मोठे बागाईतदार, गावातल्या गुऱ्हाळाचे मालक. त्यांनी नावेभोवती एक फेरी मारली, फळी बोटाने वाजवून पाहिली आणि जाहीर केलं, "लाकूड वाळल्यालं हाय. दोन आदणं निगत्याल." आदण म्हणजे गुळासाठी उकळायचा कढईभर उसाचा रस. साहेबाच्या हौसेचं मोल त्यांनी दोन कढयांत केलं.

झुंबरतात्यांच्या कनवटीला दोडक्याचे अठरा रुपये होते. कुंडलिकराव वीस म्हणाले. तात्या त्यांच्याजवळ गेले.

"कुंडलिकराव, निम्मी घ्या."

"निम्मी नाव जाळू व्हय?"

"जाळायची घाई काय हाय? आत्ता भागीत घेऊ. जाळू वाटलं तर फुडं कवाबी जाळा. लाकूड काय नासतंय व्हय?"

हा मुद्दा कुंडलिकरावांना बिनतोड वाटला. इतक्यात गर्दीतून मुक्ताबाई रासकर पुढे आल्या. त्या एकट्या बाईमाणूस मेथी-कोथिंबिरीचा अर्धा एकर करत आणि बारामतीच्या बाजारात त्यांची आरोळी आगगाडीच्या शिट्टीवर मात करी.

"मला चार आणं ठिवा," त्या म्हणाल्या.

"आक्का, तुमाला नाव कशाला?"

"दोन बाप्यांच्यात एक वस्त असली की ती कोर्टात जाती. तिसरं मानूस लागतंयच."

अशी सोळा आणे नाव झाली. झुंबरतात्यांचे सहा आणे, कुंडलिकरावांचे सहा, मुक्ताबाईंचे चार.

आता, आमच्याकडे भागीदारी म्हटली की विहीर. दुसरी कसली भागीदारी कुणी पाहिलेलीच नव्हती. विहीर सगळ्यांची, तिची दुरुस्ती आणेवारीने, पाणी ज्याच्या त्याच्या पाळीला. पण मोट, नाडा आणि बैल ज्याचे त्याने आणायचे. दुसऱ्याच्या मोटेला हात लावायचा नाही आणि ती मागायचीही नाही. तिघांनी हाच कायदा नावेला लावला. लाकूड सगळ्यांचं, डांबराचा खर्च आणेवारीने. सोमवार कुंडलिकरावांचा, बुधवार मुक्ताबाईंचा, शुक्रवार तात्यांचा. आणि सामान ज्याचं त्याचं: एक वल्हं तात्यांच्या घरी गेलं, एक कुंडलिकरावांच्या आणि गादी मुक्ताबाईंच्या.

या वाटणीत काही चुकतंय असं तिघांपैकी कुणालाही वाटलं नाही. तात्यांच्या बायकोला, रंगूबाईंना, मात्र वाटलं.

"येका चाकाची गाडी पाह्यलीया का कुनी?" त्या म्हणाल्या.

"गाडीला रस्ता असतोय," तात्या म्हणाले. "हितं रस्ता कुठं हाय?"

सुताराने अर्ध्या दिवसात आणखी वल्हं करून दिलं असतं. पण ते करायचं कुणी? सामाईक वस्तू म्हणावी तर वल्हं खासगी, आणि खासगी म्हणावं तर दोघांजवळ ज्याचं त्याचं होतंच.

एका वल्ह्याने नाव सरळ जात नाही. डावीकडे मारलं की उजवीकडे वळते, उजवीकडे मारलं की डावीकडे. झुंबरतात्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना कुठे पोचायचंच नव्हतं. ते दहा वेळा इकडून मारत, मग बाजू बदलून दहा वेळा तिकडून, मग वल्हं मांडीवर घेऊन स्वस्थ बसत. नाव तळ्यात वाट चुकल्या म्हशीसारखी हिंडे. दिवस कलला की कुठल्यातरी काठाला लागे. मग तात्या काठाकाठाने तिला ओढत बाभळीला आणत.

रंगूबाईंना हे बघवत नसे. एकदा त्यांनी सोबत शेरभर लसूण दिला. "बसायचंच हाय तर सोलत बसा." संध्याकाळी लसूण होता तसा परत आला.

"ह्यो काय सोलला न्हाई?"

"त्योबी बसला हुता गप," तात्या म्हणाले. "मी त्येला उठवला न्हाय."

गावात या शुक्रवारची फार थट्टा होई. आमच्याकडे माणसाने निजून राहायचं तर अंगात ताप पाहिजे, आणि नुसतं बसायचं तर घरात सुतक पाहिजे. धडधाकट माणूस भर दिवसा कारण नसताना बसतो, आणि तेही सहा आण्यांची भागी विकत घेऊन, हे कुणाच्या पचनी पडत नव्हतं. तात्या कुणाशी वाद घालत नसत. "उपेग काय हो तिचा?" असं कुणी फारच टोचलं तर म्हणत, "उपेग न्हाई. म्हनूनच घेतली. उपेगाचं घरात लई झालंय." मला विचाराल तर एवढं धाडसाचं वाक्य त्या काळी आमच्या तालुक्यात दुसऱ्या कुणी उच्चारलं नसावं.

बाकीचे दोघे आपापल्या परीने पाळी करत. कुंडलिकराव सोमवारी येत, फळ्या मोजत, लाकूड जागेवर असल्याची खात्री करून जात. मुक्ताबाई बुधवारी बांधलेल्या नावेत गादी टाकून अर्धा तास बसत आणि बांधावरून जाणाऱ्यायेणाऱ्याचा समाचार घेत. मग गादी उचलून घरी नेत, कारण गुरुवारी बाजारात मेथीच्या ढिगामागे त्या तीच गादी घालत.

दीड वर्ष असं सुखाने गेलं. मग माघात, ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत, कुंडलिकरावांच्या डोक्यात विचार आला. गुऱ्हाळ तळ्याच्या या बाजूला, गाडीरस्ता त्या बाजूला. गुळाच्या ढेपा घेऊन गाड्यांना काळ्या रानातून तीन मैलांचा वळसा पडे. पाण्यावरून मात्र समोरचा काठ दिसत होता. त्यांनी तिघांची बैठक बोलावली.

"नाव रिकामी हुबी हाय," ते म्हणाले. "हंगामभर ढेपा वाहू. आक्कांच्या पाट्याबी जात्याल."

मुक्ताबाईंनी कान टवकारले. "आन पाळी?"

"मंग पाळीबिळी बंद. नाव रोज कामाला."

तात्या मातीत काडीने रेघा ओढत होते. ती काडी मोडली. कुंडलिकरावांचे सहा आणे आणि मुक्ताबाईंचे चार मिळून दहा होत होते. त्यांचा शुक्रवार सहा आण्यांत बसलेला होता.

"आक्का, तुमी काय म्हंता?" त्यांनी विचारलं.

मुक्ताबाईंनी बराच वेळ तंबाखू मळली. "मी तोंडावर इस्वास ठिवत न्हाई," त्या म्हणाल्या. "कुंडलिकदादा, तुमच्या पाळीला बारा ढेपा घालून पल्याड नेऊन दावा. बारा वाजायच्या आत पोचलात तर नाव कामाला लागली. न्हाई पोचलात तर हाय तसं ऱ्हाऊ द्या, आन पुन्यांदा इशय काढायचा न्हाई."

"झुंबरराव येका वल्ह्यावर दीड वरीस हिंडत्यात," कुंडलिकराव हसले. "मला काय धाड भरलीया?"

तात्यांनी मान हलवली. कबूल म्हणून की नशीब म्हणून, ते कळलं नाही.

सोमवारी सकाळी बारा ढेपा गोणपाटात गुंडाळून नावेत चढल्या. बांधावर लिलावापेक्षा जास्त गर्दी झाली. कुंडलिकरावांनी पटका घट्ट केला, बैठक मारली आणि जोरात वल्हं मारलं. नाव काठापासून झकास सुटली, हातभर पुढे गेली आणि वळू लागली. त्यांनी अजून जोर केला. ती अजून जोरात वळली. गडी ताकदीचा असल्यामुळे वर्तुळंही मोठी पडली, आणि गरगरत गरगरत नाव तळ्याच्या मध्यावर गेली. तिथून समोरचा काठ जेवढा लांब, तेवढाच मागचा.

"दादा, घाना फिरवताय का नाव?" मुक्ताबाईंनी बांधावरून आरोळी दिली. कुंडलिकरावांनी दिलेलं उत्तर पाण्यावरून स्पष्ट आलं, पण ते इथे लिहिता येत नाही.

मग उत्तरं यायची थांबली. वल्हं थांबलं. पटका दिसेनासा झाला. नाव नुसती तरंगत राहिली. गर्दीचं हसू हळूहळू विरलं.

"भवळ आली असंल," एक म्हणाला.

"येवड्या उन्हात? मानूस गेला वाटतं," दुसऱ्याने परस्पर उरकलं.

तात्या वल्हं खांद्यावर टाकून काठावर उभे होते. ते सकाळपासून तसेच उभे होते. "पाळी त्येंची हाय," ते पुटपुटले. "आपून कसं जायाचं?"

"माज्या चार आन्याच्या वतीनं जा!" मुक्ताबाई कडाडल्या. "जा म्हन्ते ना!"

परवानगी मिळाली तसे तात्या पाण्यात उतरले. एका हाताने वल्हं पुढे ढकलत, एका हाताने पोहत, पन्नाशीचा माणूस नावेपर्यंत गेला. पुढे काय झालं ते तात्यांनी कधी कुणाला सांगितलं नाही. आम्हाला ते कळलं खुद्द कुंडलिकरावांकडून, आणि त्यांनी ते प्रत्येक लग्नाच्या पंगतीत सांगितलं.

कुंडलिकराव पाठीवर पडून घोरत होते. डोक्याखाली एक ढेप, पायाखाली दुसरी. बावीस दिवस गुऱ्हाळ दिवसरात्र चालू होतं, आणि या बावीस दिवसांत त्यांनी रसाच्या काहिलीवरची नजर काढली नव्हती. गूळ शिजवणारा गुळव्या चांगला हुशार होता. तरी प्रत्येक आदण उतरायचं की नाही हे मालकच सांगणार. बायको बोलवायला आली की म्हणायचे, मी हाललो की गूळ करपला. आता तळ्याच्या मध्यावर त्यांना कुणी काही विचारू शकत नव्हतं. वल्हं टेकवून जरा डोळे मिटावे म्हटलं, आणि तेवढ्यात गडी गेला.

तात्या मागच्या बाजूने हळूच नावेत चढले. ओल्या अंगाने बसले. समोर निजलेला माणूस, पायाशी दुसरं वल्हं, डोक्यावर दहाचा सूर्य. आणखी दोन तास हा असाच निजला की शुक्रवार वाचला. त्यासाठी त्यांना काहीही करायचं नव्हतं, आणि काहीही न करण्यात त्यांचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता.

त्यांनी कुंडलिकरावांचा अंगठा धरून हलवला.

"कुंडलिकराव, उठा. दोन वल्ही झाली. अजून येळ हाय, पल्याड नेतो तुमाला."

कुंडलिकरावांनी एक डोळा उघडला. "किती वाजलं?"

"धा वाजलं असत्याल."

कुंडलिकरावांनी आभाळाकडे पाहिलं. काठाकडे पाहिलं, तिथे सगळं गाव हात हलवत होतं. पाणी फळीवर चुळुक चुळुक वाजत होतं.

"म्हंजी बारा वाजायला दोन तास हायेत," ते म्हणाले, आणि कूस बदलून पुन्हा निजले.

बांधावरून एवढंच दिसलं की तात्या नावेत चढले, जरा वाकले, मग वल्हं मांडीवर घेऊन तेही गप्प बसले. "आता दोघंबी गेलं," मुक्ताबाई म्हणाल्या आणि गादी आणायला घरी गेल्या, कारण हे लवकर आटपणार नव्हतं.

उन्हं उतरली तेव्हा नाव काठाला लागली. तळाशी झिरपलेल्या पाण्यात खालच्या दोन ढेपा विरघळल्या होत्या, आणि पुढे महिनाभर त्या नावेत मुंग्यांची पाळी सगळ्यांच्या आधी लागत असे. कुंडलिकराव खाली उतरले. कपाळावर गोणपाटाची नक्षी उमटलेली.

"कसं करायचं, दादा?" मुक्ताबाईंनी विचारलं.

"ढेपा गाडीनं जात्याल," ते म्हणाले, आणि गावाकडे न बघता चालू लागले.

पुढच्या सोमवारी ते वाकळ बगलेत मारून तळ्यावर आले. नाव सोडतात न सोडतात तोच गुळव्या पळत पळत बांधावर आला आणि ओरडला, "मालक, आदण उतरायचं का?"

"तू गुळव्या हायस का मी?" कुंडलिकरावांनी नावेतून विचारलं. "तुला वाटंल तवा उतर!"

बांधाखालच्या मळ्यात झुंबरतात्या वांगी तोडत होते. ते उठून वर आले, आणि नाव डावीकडे वळायला लागली तसं त्यांनी हाताने खुणावून दाखवलं, आता दुसऱ्या बाजूनं मारा.