पोहोचायचा राहिलेला सांगावा

चासकमान धरणाच्या पुढं डोंगराच्या रस्त्याला मोबाइल चालत नाही. गाड्याही तुरळक. चाकणची एक कंपनी तिथं नव्या यंत्राची चाचणी घ्यायची. एका गाडीचा इशारा वायरलेसवरून जवळच्या गाडीत जायचा. पुढं कोणी नसलं, तर ती गाडी तो जवळ बाळगायची आणि दुसरी भेटली की तिला द्यायची.

चाचणीच्या गाड्या चालवणाऱ्या आबाजीला हे समजवावं लागलं नाही. "ह्यो तर सांगावाच," तो जोडीदार गेनूला म्हणाला होता. आबाजीचा बाप गावोगाव सांगावे न्यायचा. सांगितल्याशिवाय कुणाच्या दारात टेकायचा नाही, पाणीही घ्यायचा नाही.

गेनू हसला होता. "पर तुजा बाप डिझेलवर चालत न्हवता, आबा."

त्याच वर्षी गेनूची सात नंबरची गाडी दरीत गेली. दुसऱ्या दिवशी सापडली. जागीच गेला, असं सगळे म्हणाले. त्याच्या बायकोनं, गवराबाईनं, तेवढ्या शब्दावर वर्ष काढलं. आबाजी दर रविवारी तिच्या ओसरीवर बसायचा. चहा व्हायचा. "त्यास्नी तरास न्हाई झाला," ती म्हणायची. तो मान हलवायचा.

या शनिवारी कंपनीच्या शेडमधला चाचणीचा टेम्पो बाहेर काढला. गेनू गेला त्या संध्याकाळी आबाजी याच टेम्पोनं दरीवरच्या रस्त्यानं परतला होता. त्यातल्या यंत्राचा पडदा तेव्हा बिघडलेला होता. नंतर टेम्पोच पडून राहिला. आता नवा पडदा बसवला. आबाजीनं चावी फिरवली. पडद्यावर अक्षरं उमटली.

गाडी सात. मदत हवी.

इंजिनिअर स्वरूपा शेजारीच होती. मदतीचं बटण गाडीतल्या माणसाला हातानंच दाबावं लागतं, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"जुना मेसेज आहे, काका," ती हळू आवाजात म्हणाली. "पुसू?"

"नगं. पोचला न्हाई अजून."

रविवारी गवराबाईकडं जाताना त्यानं ठरवलं, बोलायचं नाही. तिची झोप कशाला मोडायची?

गवराबाईनं चटई टाकली, चहा आणला. "बसा की, भाऊजी."

"बसतो."

गुडघे वाकेनात. कपातल्या चहावर साय धरली.

"काठी गिळून आलायसा व्हय?" ती हसली. मग हसू विरलं. ती आबाजीच्याच गावची लेक. त्याच्या बापाला तिनं असंच दारात उभं पाहिलेलं होतं.

पदर सावरत ती उठली.

"कुणाचा सांगावा हाय, भाऊजी?"

"गेनूचा. त्या सांजंपासनं माझ्यापाशीच व्हता."