विंटरग्रीन आणि नाकमावशी

कामावर निघताना ती साबण लावत नसे. स्वादाची एक बाटली हुंगून झाली की दुसरीच्या आधी स्वतःच्या कोपराची आतली बाजू हुंगे. त्याने नाक ताळ्यावर येतं म्हणे. कच्चा कांदा फक्त सुटीच्या दिवशी. घरी आल्यावर तीनदा हात धुतल्याशिवाय नातीला जवळ घेत नसे. आणि रोज सकाळी दारातल्या कुंडीतलं एक पान मोडून बघे.

चघळायच्या गोड गोळ्यांच्या कारखान्यात ती स्वाद मिसळायची. सगळे तिला नाकमावशी म्हणत.

"मावशी नाकावर माशी बसू देत नाहीत," पॅकिंगवाली चिडवायची. "वास बिघडेल ना!"

कुंडीतलं झुडूप विंटरग्रीनचं. वीतभर उंच, बारमाही हिरवं, पानांआड लाल फळं. पान मोडेपर्यंत वास लपून असतो. मोडलं की बामासारखा थंड, गोडसर भपकारा. त्याच तेलाचे थेंब गोळ्यांच्या पाकात पडत. थेंबच. चमचाभर शुद्ध तेल पोटात गेलं तर लहान मूल दगावू शकतं, हे मावशी प्रत्येक नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवायची.

त्या सकाळी तिने पान मोडलं. काही नाही. दुसरं मोडलं. तेही मुकं. स्वयंपाकघरात जाऊन लवंग हुंगली. लवंग झणझणीत. कॉफी, लिंबू, सगळं जागेवर. गेला होता तो एकच वास.

मग आठवलं. काल.

कारखान्याची रीत अशी होती: मापावरच्या खुणेपर्यंत तेल, आणि वरचे थेंब मावशीचं नाक सांगेल तितके. काल नाक काही सांगेचना. तेल फिकं आलंय, असं पुटपुटत ती घालत राहिली होती. आणि संध्याकाळी तुटक्या गोळ्यांची पुडी नेहमीसारखी घरी आणली होती.

पुडी फळीवर नव्हती.

"पुडी कुठाय गं?"

"शाळेत नेली पोरीने," सून म्हणाली. "का हो, आई? चेहरा असा का झालाय?"

मावशीने कारखान्यात फोन केला. "कालचा माल हलवू नका. एकही खोका नाही." आणि अनवाणीच निघाली.

शाळा जवळच होती. पण वाट सरेना. किती थेंब? वीस? चाळीस? मोजलेच नव्हते. जन्मात कधी मोजले नव्हते.

वर्गाच्या दारातूनच तिने हाक मारली. नात पळत आली.

"किती खाल्ल्यास?"

"एक. जीभ भाजली. थुंकून टाकली."

"बाकीच्या? कुणाला दिल्यास?"

"बाईंना. त्यांची कंबर दुखते ना, आणि गोळ्यांना बामाचा वास येत होता."

बाईंनी टेबलाचा खण उघडला. पुडी तशीच होती. "डोळ्यांत पाणी आलं हो वासाने," त्या म्हणाल्या. "कळेना, खायच्या की कमरेला चोळायच्या!"

मावशी हसली नाही. नातीचं तोंड उघडून जीभ बघत राहिली.

मालकांनी सगळा माल टाकून दिला. तिला रागावले नाहीत. "मावशी, आता तुमच्या नाकातलं सगळं वहीत उतरवा," एवढंच म्हणाले.

ती रोज दुपारी बसू लागली. पॅकिंगवाली हुंगायची, मावशी थेंब मोजून लिहायची. लिंबू, संत्रं, पुदिना, लवंग. अकरा स्वाद झाले. बारावा विंटरग्रीन, तिथे ती अडली. ड्रॉपर भरायची, परत बाटलीत रिकामा करायची.

"मी हुंगते ना, मावशी. घाला तुम्ही."

"आणि तुझंही नाक गप्प बसलं तर? तुला कळेल?"

पॅकिंगवालीने बाटलीला झाकण लावलं.

"उद्या करू," मावशी म्हणायची. रोज म्हणायची.

तिसऱ्या आठवड्यात मावशी गेली. दुपारी, खुर्चीतच. सकाळी बोलत होती.

वही सुनेकडे आली आहे. शेवटच्या पानावर लिहिलंय, 'विंटरग्रीन. दहा किलो पाकाला'. मग बोटभर कोरी जागा. आणि पुढे, 'थेंब'.