ज्याची सही, त्याची सीट

थंडीताई कशाला घाबरत नसे ते सांगणं सोपं, कारण ती यादी लहान आहे. पाल, लिफ्ट, मोकाट कुत्री, कुकरची शिट्टी, दारावरची अवेळी थाप, फोनवर 'एक सांगायचं होतं' म्हणून थांबणारा माणूस, या सगळ्याला ती घाबरायची. सिग्नल हिरवा झाला तरी दोनदा बघून रस्ता ओलांडायची. नवरा शिंपी, स्वभावाने थट्टेखोर. तो म्हणायचा, "हिचं तोंड दुधाने कधी पोळलंच नाही, तरी ताक फुंकून पिते."

पण या घाबरटपणावर तिने बावीस वर्षं नोकरी केली, हे विसरू नका.

शहराबाहेरच्या त्या कारखान्यात हॉटेलांतलं तळून तळून काळं पडलेलं तेल पिंपांनी यायचं. ते गाळायचं, हायड्रोजनच्या दाबाखाली शिजवायचं आणि त्यातून विमानाचं इंधन काढायचं. जमिनीतून उपसलेलं तेल जाळत आणखी किती दिवस उडणार, म्हणून ही सगळी खटपट. एका वेळी जेवढा माल शिजे त्याला तिथे 'घाणा' म्हणत. तळणाच्या तेलाशी संबंध आला की तळणाचेच शब्द येणार! पण या तेलाची एक वाईट खोड. थंडी लागली की गोठतं. आणि वर, जिथून विमान जातं, तिथे पारा उणे पन्नासच्या आसपास. इंधनात मेणाचे कण धरले की गाळणी तुंबणार, गाळणी तुंबली की इंजिन उपाशी राहणार. पुढचं काय ते आपण बोलत नाही. थंडीताईला मात्र ते रोज दिसायचं, जेवतानासुद्धा.

तिचं काम गोठणबिंदू काढण्याचं. काचेच्या नळीत इंधन घ्यायचं, नळी कोरड्या बर्फाच्या भांड्यात सोडायची, ढवळणी सतत खालीवर करायची. कण दिसले की नळी वर काढून हळूहळू गरम होऊ द्यायची, आणि शेवटचा कण विरतो तेव्हाचा आकडा टिपायचा. उणे सत्तेचाळीसच्या वर आकडा गेला की घाणा नापास. या कामाला यंत्र नव्हतं असं नाही, पण ते सहा महिन्यांत दोनदा बिघडलं होतं. तिच्या डाव्या डोळ्यात मात्र कधी बिघाड नाही, असं सगळे म्हणत. नळीची जागा अशी होती की डावा डोळाच लावावा लागे. या कामावरूनच तिचं नाव थंडीताई पडलं.

आता बिघाड कसा झाला ते ऐका.

आठ महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी तिला सांगितलं, "डाव्या डोळ्यात मोतीबिंदू धरायला लागलाय. घाई नाही, पण लक्ष ठेवू." डोळा गेला की टेबल गेलं, आणि टेबल गेलं की तिच्यापाशी उरतं काय? लेकीचं शिक्षण चालू होतं, शिंप्याच्या दुकानात तयार कपड्यांच्या दिवसांत कोण येतं! तिने कारखान्यात चकार शब्द काढला नाही. वार्षिक तपासणीत पुढच्या माणसाने मोठ्याने वाचलेली अक्षरं पाठ केली आणि घडाघडा म्हणून टाकली. जन्मातली ही पहिलीच लबाडी, आणि तीही घाबरूनच केलेली.

मग तिने स्वतःची एक रीत बसवली. डाव्या डोळ्याला नळीत नेहमी थोडं धुकं दिसायचं. ते आपल्या डोळ्यातलं, म्हणून मनातल्या मनात वजा करायचं आणि फक्त कणांवर नजर ठेवायची. महिन्याभरात सवय झाली. धुकं आलं की ती त्याच्याकडे बघायचीच नाही, जसं आपण घड्याळाची टिकटिक ऐकत नाही.

आणि अशात पहिल्या उड्डाणाची तारीख ठरली. आजवर ते साध्या इंधनात मिसळून द्यायचे, आता नुसत्या याच इंधनावर विमान उडणार, आत कारखान्यातली चाळीस माणसं. थोरले साहेब, म्हणजे कारखान्याचे मुख्य, यांनी या उड्डाणासाठी एक नियम घातला होता: ज्याची सही, त्याची सीट. घाण्याच्या कागदावर ज्यांनी सही केली, त्यांनी विमानात बसायचं. "आपण बसणार नाही त्यात लोकांना बसवायचं नाही," असं ते म्हणत. बोलणं सोळा आणे खरं. पण जन्मात विमानाची पायरी न चढलेल्या थंडीताईची पाचावर धारण बसली. पंधरा दिवस ती रोज नवं कारण काढायची. कधी विमानाच्या चाकात हवा कमी असेल, कधी पायलटला पडसं झालं असेल. सगळा कारखाना तिच्यावर हसत होता.

उड्डाण दुपारी तीनला. सकाळी अकराला नवरा तिच्या नव्या कोटाचं शेवटचं बटण लावत होता. विमानात गारठा असतो म्हणून त्याने स्वतः शिवलेला कोट.

"अगं, एवढी सुई ओवून दे," तो म्हणाला.

तिने खिडकीशी सुई धरली, डावा डोळा मिटला आणि एका झटक्यात दोरा ओवला.

"बघ! उगाच रडतेस. डोळा कसा लख्ख आहे!"

"उजवा लख्ख आहे हो," ती म्हणाली. "डाव्यालाच धु..."

आणि तिचं वाक्य तिथेच तुटलं. अकरा दिवसांपूर्वी, यंदाच्या अडतिसाव्या घाण्याच्या दिवशी, डॉक्टरांनी सकाळी तिच्या डाव्या डोळ्यात थेंब घातले होते. डोळा चुरचुरत होता, पाणी गळत होतं. 'कचरा गेलाय' असं सांगून तिने त्यावर कापूस लावला होता आणि मान वाकडी करून उजव्या डोळ्याने नळी बघितली होती. नळीत धुकं दिसलं होतं. सवयीने तिने ते वजा केलं, कण विरल्याचा आकडा टिपला, उणे एकोणपन्नास, आणि सही ठोकली.

पण उजव्या डोळ्यात धुकं नव्हतंच. म्हणजे धुकं नळीत होतं, बारीक मेणाचं.

"अहो, मला जायला हवं," ती म्हणाली. तोच अडतिसावा घाणा आज विमानात भरला जाणार होता. कोट तसाच टाकून ती निघाली. त्या दिवशी रस्ता ओलांडताना तिने सिग्नल बघितला नाही.

प्रयोगशाळेत सगळे इस्त्रीचे कपडे घालून बसची वाट बघत होते. बस एक वाजता. भट्टीभाऊ आरशात भांग पाडत होता. तिच्या शेजारच्या टेबलावर इंधन उकळून बघायचं काम त्याचं, म्हणून भट्टीभाऊ. वीस वर्षांचा शेजार.

"भट्टीभाऊ, अडतिसावा घाणा चुकलाय."

तो कंगवा थांबवून हसायला लागला. "परवा चाकात हवा नव्हती, काल पायलटला पडसं, आज घाणा चुकला. आणखी तासाभराने म्हणशील, आकाशच चुकलंय!"

खोलीभर हशा पिकला. तिने थोरल्या साहेबांना फोन लावला. ते विमानतळावर होते, मागे गडबड ऐकू येत होती. "ताई, अहो मलाही धाकधूक होतेय. लिंबू चघळा आणि गुपचूप बसमध्ये बसा," म्हणाले आणि फोन ठेवला. रोज मरे त्याला कोण रडे! बावीस वर्षं ती प्रत्येक गोष्टीला घाबरत आली होती, आज खरोखर घाबरायची वेळ आली तर ऐकायला कोणी नाही.

प्रत्येक घाण्याचा एक डबा मोहोर लावून कपाटात ठेवलेला असतो. साहेबांच्या सहीशिवाय त्याची मोहोर तोडणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. थंडीताईने अडतीस नंबरचा डबा काढला, टेबलावर ठेवला आणि कात्रीने तार कापली.

भट्टीभाऊचं हसू तिथेच विरलं. "ताई, वेड लागलं का तुला?"

"तू बघ नळीत. मी ढवळते. मी बघणार नाही."

"का? तुझ्या डोळ्याला काय झालं?"

तेव्हा तिने त्याला सगळं सांगितलं, खालच्या आवाजात, कोरडा बर्फ फोडता फोडता. मोतीबिंदू, पाठ केलेली अक्षरं, वजा केलेलं धुकं. भट्टीभाऊने एकदा तिच्याकडे बघितलं, कोट काढला आणि नळीला डोळा लावला.

ढवळणी काचेवर वाजत होती. ती भिंतीकडे तोंड करून उभी होती. मनात एकच, देवा, मी खोटी ठरू दे. लोक जन्मभर हसू देत, पण आज मी खोटी ठरू दे.

"धुकं आलं," भट्टीभाऊ म्हणाला.

"किती?"

"उणे तेहेतीस."

तिने नळी आणखी गार केली, मग वर काढली. आता धुकं विरण्याची वाट बघायची.

"पन्नास. आहे. अठ्ठेचाळीस. आहे." त्याचा आवाज बारीक होत गेला. "चाळीस. अगं, अजून आहे. पस्तीस. आहे." त्याने डोळा पुसून परत नळीला लावला. "गेलं. उणे एकतीस."

बाहेर बस येऊन उभी राहिली होती, तिचा हॉर्न वाजला. इस्त्रीच्या कपड्यांतली ती सगळी माणसं टेबलाभोवती उभी होती आणि एकेकाच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

फोन भट्टीभाऊने लावला. पलीकडे साहेबांचा आवाज एकदम उतरला. टँकरची नळी विमानाला जोडून झाली होती. "बंद करा! ते बंद करा!" असं ते तिकडे कोणावर तरी ओरडल्याचं ऐकू आलं. मग थोड्या वेळाने फोनवर परत आले. "उड्डाण थांबवलं. ताईंना फोन द्या. मला सांगा, शंका आली कशी?"

भट्टीभाऊने फोनवर तळवा दाबला. "सहज आली म्हण. झाकली मूठ सव्वा लाखाची, ताई. आज चाळीस जीव वाचवलेस तू, डोक्यावर घेतील तुला. डोळ्याचं काढलंस तर टेबल गेलं म्हणून समज."

खरंच होतं त्याचं. नुसतं 'सहज' म्हटलं की झालं. कोणी विचारणार नव्हतं. पण कपाटात अजून तीस डबे होते, आठ महिन्यांचे. प्रत्येकावर तिची सही, आणि प्रत्येक सहीमागे ते वजा केलेलं धुकं. त्यातले चार घाणे पुढच्या आठवड्यात दुसऱ्या विमानतळावर जायचे होते. तिने फोन घेतला.

"साहेब, माझ्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे. आठ महिने झाले. मी लपवला."

पलीकडे साहेबांनी कोणाकडून तरी कागद मागून घेतला.

"किती घाणे?"

"याच्यासकट एकतीस."

"टेबलावरून उठा, ताई," साहेब म्हणाले. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

पुढचे आठ दिवस भट्टीभाऊ आणि आणखी एकजण एकामागून एक डबा तपासत राहिले. थंडीताई कोपऱ्यात बसून आकडे लिहायची. आजारी डोळ्याने बघितलेले तीसच्या तीस घाणे बरोबर निघाले. चुकला तो एकच, चांगल्या डोळ्याने बघितलेला. याला काय म्हणायचं ते तुम्हीच म्हणा. तेल शिजवायच्या भांड्यातला मसाला, म्हणजे उत्प्रेरक, थकला होता, म्हणून मेण राहिलं होतं, हे मागाहून कळलं.

तिची नोकरी राहिली, टेबल गेलं. तिला डब्यांच्या कपाटाच्या खोलीत बसवलं. डोळ्याची शस्त्रक्रिया झाली, डॉक्टर म्हणाले, आता सुई तर सोडाच, केससुद्धा ओवाल. तरी टेबल परत मिळालं नाही, आणि तिनेही मागितलं नाही. तिने साहेबांकडे एकच मागितलं, नळी दोघांनी बघायची, वेगवेगळी, आणि आकडा एकमेकांना न दाखवता लिहायचा. साहेबांनी त्याच दिवशी तसा कागद भिंतीवर लावला.

चार महिन्यांनी उड्डाण ठरलं. आता पहिली सही भट्टीभाऊची होती. आदल्या दिवशी तो कपाटाच्या खोलीत येऊन उभा राहिला. वीस वर्षं उकळत्या इंधनाशेजारी चहा पिणारा माणूस, चेहरा पांढराफटक पडलेला.

"ताई, तुझी सही नाही, मला माहीत आहे. पण येशील का सोबत?"

ती नाही म्हणू शकत होती. तिची सही नव्हती, तेव्हा सीटही नव्हती. तरी तिने नवऱ्याला फोन करून कोट काढून ठेवायला सांगितला.

विमान वर चढलं तेव्हा तिने खुर्चीचा हात असा धरला होता की बोटं दुखायला लागली. समोरच्या पडद्यावर बाहेरचा पारा दिसत होता. उणे चाळीस. उणे सत्तेचाळीस. उणे त्रेपन्न. मधल्या वाटेपलीकडच्या खिडकीशी बसलेला भट्टीभाऊ घामाने भिजला होता.

"ताई, तू कशी गं घाबरत नाहीस?"

तिने उठून, वाट ओलांडून त्याच्या हातात हात दिला. हात बर्फासारखा गार होता.

"मग आता काय करायचं?" त्याने विचारलं.

"काय करायचं म्हणजे? पंखाकडे बघ. तू उजव्या बाजूचा बघ, मी डाव्या बाजूचा बघते. आणि काय दिसतं ते मला आत्ता सांगू नकोस."

खायला आलं, चहा आला, थोरले साहेब येऊन काहीतरी विनोद करून गेले. विमान खाली टेकेपर्यंत ती दोघं एकमेकांकडे पाठ करून आपापल्या खिडकीला डोळा लावून बसली होती.