हौसेरावांनी बिशपाची पोथी लावली

हौसेराव जगताप पोथी वाचायला बसले की अर्ध्या कोपरखैरण्याला घरबसल्या पुण्य लागायचं. आवाजच तसला! मूळचा गडी साताऱ्याकडचा. उमेदीची सारी वर्षं वाशीच्या फळबाजारात पेट्या वाहण्यात गेली आणि काम सुटल्यावर खांद्याचं बळ बहुतेक गळ्यात उतरलं. इमारतीत कुणाकडे पोथी लावायची झाली की बोलावणं यांनाच. पाटावर पोथी, शेजारी समई, आणि एका दमात अख्खा अध्याय. मध्ये कुणी शिंकलं तरी डोळे वटारायचे. हाती घेतलेला अध्याय तोडायचा नाही, हा त्यांचा नेम.

म्हणून तळमजल्यावरच्या मंजुषाबाई साळव्यांनी मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर पुस्तक वाचून दाखवायची गळ घातली, तेव्हा ते लगेच कबूल झाले. बाई नगरकडच्या, ख्रिस्ती, शाळेतून निवृत्त झालेल्या. दरवर्षी ईस्टरच्या आधी त्या एकच पुस्तक वाचत. सोळाशे वर्षांपूर्वी आफ्रिकेतल्या एका बिशपाने आपली जीवनकथा देवाला सांगितली, ती मराठीत आणलेली.

"मंजी पोथीच की," हौसेराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते अंघोळ करून, गंध लावून, पाट बगलेत मारून खाली उतरले. पुस्तकाला हळदकुंकू वाहणार, तोच बाईंनी हात धरला.

"भाऊ, नको! लायब्ररीचं आहे ते."

हौसेरावांनी कुंकू स्वतःच्याच कपाळाला लावलं आणि पहिला भाग दणक्यात संपवला. घाम पुसत विचारलं, "आता आरती कुटली म्हनायची?"

"आरती राहू द्या. पहिलं वाक्य परत वाचा. आणि मग थांबा."

थांबा? हा शब्द हौसेरावांच्या शास्त्रातच नव्हता. पण बाई एकेका वाक्यापाशी तळ ठोकून बसत. या माणसाने असं का म्हटलं असेल, देवाला सगळं ठाऊक असताना पुन्हा कशाला सांगितलं असेल? एका ठिकाणी तो लिहितो की पोरवयात भूक नसताना आपण दोस्तांबरोबर शेजाऱ्याच्या झाडाची नासपती चोरली. त्या नासपतीवर दोघांची दोन दिवस जुंपली.

"एवढ्याशा फळांपायी इतकं रडगानं?" हौसेराव कातावले. "आमच्या बाजारात आला असता तर येडा झाला असता बिचारा."

"फळांसाठी नाही रडत तो. चोरताना मजा का आली, हे शोधतोय."

हौसेरावांनी डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाले, "मजा येती खरी." बाई इतक्या हसल्या की डोळ्यांत टाकलेलं औषध बाहेर आलं.

वाचनात बिशपाची आई आली आणि प्रेमलाकाकूही खाली येऊन बसायला लागल्या. या हौसेरावांच्या मंडळी. मांडीवर परात, परातीत पावटे, आणि कान सगळा त्या माउलीकडे. पोरगा आईचं ऐकत नाही, आई देवापाशी रडते, हे ऐकताना पावटे तसेच राहत. कारण त्यांचा सनी दोन वर्षं घरी आला नव्हता. हौसेरावांना वाटत होतं की बाजारातल्या हमालांच्या टोळीत आपल्या जागी पोराने यावं, आपला हमालीचा बिल्ला त्याच्या छातीवर लागावा. सनीने केमिस्ट्री शिकून तळोज्याच्या कारखान्यात नोकरी धरली. "बिल्ला नको तर बापबी नको. माजा उंबरा चढू नगंस," हौसेराव गरजले, आणि पोरगाही बापाचाच, तो चढला नाही. प्रेमलाकाकू गच्चीवर जाऊन त्याला फोन करत. हौसेरावांना ते माहीत होतं. ते आतल्या आत झुरायचे, पण तोंडातून अवाक्षर नाही.

त्यामुळे पुस्तकातल्या पोरावर त्यांचा भारी राग. आईला किनाऱ्यावर थाप मारून, ती प्रार्थनेत असताना तो रातोरात जहाजात बसून निघून गेला, तेव्हा हौसेरावांनी मांडीवर थाप मारली.

"बगा! सोळाशे वर्सांमागंबी पोरं असलीच! आता बगा कसा येतोय आईचं पाय धरायला."

पुढचा भाग त्यांनी त्याच ताठ्यात उघडला. आणि वाचलं की पोरगा आलाच नाही. आईच निघाली. त्याच्या मागोमाग समुद्र ओलांडून, वादळात घाबरलेल्या खलाशांना उलट आपणच धीर देत, ती थेट त्याच्या गावी पोचली.

हौसेरावांचा आवाज खाली आला आणि अध्यायाच्या ऐन मध्यावर बंद पडला.

"काय झालं, भाऊ?" बाईंनी विचारलं.

"थांबतो जरा." त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनातल्या मनात. "चूक तर पोराची हुती. मग ही का गेली?"

उत्तर दिलं ते प्रेमलाकाकूंनी, परातीतून मान वर न करता. "तिला पोरगं पायजे हुतं. चूक कुनाची ते नव्हं."

हौसेरावांनी पुस्तक मिटलं. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती आणि ती पुसायचंही त्यांना सुचलं नाही. मग एकदम उठले. "पिशवी भर माजी. दोन कापडं घाल."

"आवं, पन कुटं?"

"तळोज्याला. तिनं समुद्र वलांडला, मला मेट्रोत बसाया काय हुतंय?"

प्रेमलाकाकू अशा धावल्या की पावटे घरभर झाले. मंजुषाबाई डोळ्यांवरचा काळा चष्मा सावरत टाळ्या पिटत होत्या.

बेलापूरला जन्मात पहिल्यांदा मेट्रोत बसून, पेंधरला उतरून, काकूंनी दिलेला पत्ता विचारत विचारत हौसेराव सनीच्या दारापाशी उभे राहिले. वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं जिन्यातच विसरली. सनीने दार उघडलं. हातात कणीक, अंगात बनियन. बापाला बघून त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"आबा? आई बरी आहे ना?"

"झ्याक हाय."

"मग... मला न्यायला आलात? आबा, मी नोकरी नाही सोडणार. आधीच सांगतो."

"न्यायला न्हाई आलो." हौसेराव एवढा मोठा आवाज असून कसंबसं पुटपुटले. "तुझ्याकडं ऱ्हायला आलोय. चालंल का?"

सनीने कणकेच्या हातानेच त्यांची पिशवी घेतली आणि दारातून बाजूला झाला.