बॅगेचं वजन
बॅगेचं वजन करायचा काटा हातात घेतला की मला शारजातल्या आमच्या जुन्या फ्लॅटमधली ती दुपार आठवते. अब्बांची नोकरी गेली होती आणि आम्ही सगळे कायमचे रत्नागिरीला निघालो होतो. माझ्या डिप्लोमाची एकच सेमिस्टर उरली होती, पण मी ती मनातून सोडून दिली होती. रिकाम्या हॉलमध्ये खोक्यांचा आणि पॅकिंग टेपचा वास कोंडला होता. अम्मीने बॅग काट्याला लावली, "वजन जास्त भरतंय," म्हणाली आणि एकेक करून माझेच कपडे बाहेर काढू लागली. मी वाकून काटा पाहिला, वजन विमानाच्या मर्यादेपेक्षा बरंच कमी होतं. तेवढ्यात डबे पुरवणाऱ्या शेजारच्या काकू आत आल्या आणि अब्बांना म्हणाल्या, "माझ्या मुलीच्या खोलीत राहील तुमची लेक. पेपर झाले की पाठवते." अब्बा खाली बघत "इन्शाल्ला" एवढंच बोलले. डिप्लोमा पुरा झाला, मी इथेच शारजात नोकरीला लागले. पहिल्या सुट्टीत गावी गेले, तर अम्मीच्या ओढण्यांखाली माझा निळा कुर्ता घडी घालून ठेवलेला, त्या दुपारी तिने बॅगेतून न काढलेला तेवढा एकच. अजून तिथेच आहे. दर वेळी निघताना मी तो मागते आणि ती म्हणते, "राहू दे गं, तुझ्या बॅगेचं वजन जास्त होईल."